नांदेड विरुद्ध लातूर : तळ्यावरची एक सकाळ
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. तयारीही केली होती. पण काल सकाळी एक गोष्ट घडली आणि लिहून आणलेला कागद मी घडी करून खिशात ठेवला. आज मी तुम्हाला मासे धरायच्या स्पर्धेबद्दल सांगणार आहे. सर, हसू नका. शेवटी मी शाळेवरच येणार आहे.

आपल्यातल्या काही जणांना हे माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. आपण शिकलो कंधारला, पण पोटापाण्यासाठी निम्मे नांदेडला गेलो आणि निम्मे लातूरला. व्हॉट्सॲपचा गट निघाला तेव्हापासून या दोन टोळ्यांचं भांडण चालू आहे. आयुक्तालय नांदेडला की लातूरला, यावर तर पहाटे दोनपर्यंत निरोप यायचे. ते झालं की लातूर पॅटर्न मोठा की नांदेडचे क्लास मोठे. शेवटी वैतागून आपल्या एका माळकरी मित्रानं लिहिलं, “एकदाचं कशानं तरी ठरवा आणि गप्प बसा.” त्याच रात्री आपल्या अजून एका वर्गमित्राचा निरोप आला. तो गटावर फारसा लिहीत नाही. त्यानं लिहिलं होतं, “माझ्या तळ्यावर या. गळ टाकून ठरवा.”

त्याचं तळं कंधार-लोहा रस्त्यापासून थोडं आत आहे. साधारण एक एकराचं, काळ्या मातीत खोदलेलं, मधोमध दोन पुरुष खोल. त्यात तो रोहू, कटला आणि मृगळ वाढवतो आणि काठावर वजनानं विकतो. रविवारी नांदेडचे काही हौशी लोक गळ घेऊन येतात, काठावर बसायचे पैसे देतात आणि धरलेला मासा विकत घेतात. म्हणजे हा त्याचा धंदा आहे. कालचा दिवस त्यानं आपल्यासाठी धंदा बंद ठेवला.

आता नियम. आपल्या एका मैत्रिणीची लेक इंग्लंडमध्ये असते. तिच्याकडून कळलं की तिकडे असल्या स्पर्धा दर आठवड्याला होतात आणि त्याला ते ‘कोर्स फिशिंग’ म्हणतात. सामन आणि ट्राउट सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे बहुतेक मासे त्यात येतात. कुणी कुठं बसायचं हे चिठ्ठी टाकून ठरतं. धरलेला मासा जिवंत ठेवायचा, शेवटी वजन करायचं आणि परत पाण्यात सोडायचा. तिकडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून असा मासेमारी बंदचा काळही असतो, माशांच्या विणीसाठी. आपल्याकडचा मासा पावसाळ्यात पुराच्या पाण्यात वितो, म्हणून आपल्याकडे ते पथ्य जून-जुलैचं.

मासा परत सोडायचा हा नियम ऐकून आपला माळकरी मित्र पंच व्हायला तयार झाला. “मारणार नसाल तर मी येतो,” म्हणाला. स्टीलचं ताट आणि पळी हीच त्याची घंटा.

पाच नांदेडचे, पाच लातूरचे. साडेसात ते साडेअकरा. सगळ्यांना सारखं सामान मिळालं: वेळूची काठी, तंगूस, मोराच्या पिसाचा देठ तरंगायला आणि एक गळ. गळाच्या टोकाला उलटा काटा असतो ना, मासा सुटू नये म्हणून? तो आपल्या यजमानानं पकडीनं दाबून सपाट केलेला होता. माशाचं तोंड फाटू नये आणि काढताना त्रास होऊ नये म्हणून. पण त्याचा अर्थ असा, की दोर जरा ढिला पडला की मासा गेला. आमिष म्हणून कणीक, भुईमुगाची पेंड आणि जरासा गूळ, एकत्र मळून. दोन्ही संघांसाठी पाण्यात चार-चार बांबू रोवून जाळीची एकेक पेटी बांधली होती. तिला हापा म्हणतात. धरलेले मासे त्यात जिवंत राहतात.

चिठ्ठ्या निघाल्या. मला मोटारीच्या विरुद्ध कोपरा मिळाला. घंटा वाजली, दहा गळ पाण्यात पडले आणि पुढचा दीड तास काहीही झालं नाही.

मित्रहो, पंचावन्न वर्षांची दहा माणसं दीड तास गप्प बसलेली मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. परीक्षेतसुद्धा आपण इतके गप्प नव्हतो. दिवाळी होऊन गेलेली, पाण्यावर धुकं, बोटं गार. नांदेडच्या कर्णधारानं आमिष तीनदा बदललं. लातूरच्या एकानं काठी जमिनीत रोवून रक्तदाबाची गोळी घेतली. यजमान हातात चहाची किटली घेऊन काठानं फिरत होता. मी विचारलं, “मासे आहेत ना रे तळ्यात?” तो म्हणाला, “हायेत की. थंडीत पाणी गार असलं की मासा सुस्त असतो. ऊन वर येऊ दे. आत्ता येलालाय बघ.”

नऊ वाजता ऊन पाण्यावर आलं आणि पहिला मासा लागला. तो लागला लातूरकडून खेळणाऱ्या आपल्या एका मैत्रिणीला, ज्या बँकेत अधिकारी आहेत आणि ज्यांनी आयुष्यात गळ हातात धरला नव्हता. शाळेत असताना मुलींना तळ्याच्या बाजूला जायचीसुद्धा परवानगी नव्हती, हे आठवतंय ना? काठी कमानीसारखी वाकली. त्या ओरडल्या, “काय करू?” पाचही नांदेडकर म्हणाले, “ओढा, ओढा!” ते आपण मुद्दाम म्हणत होतो, हे आज कबूल करतो. यजमान मात्र शांतपणे म्हणाला, “ताई, ओढू नका. त्याला जाऊ द्या, दोर ताणलेला ठेवा नुसता. दमला की आपोआप येतो.” सात-आठ मिनिटांनी हातजाळीत मासा आला. कटला, दोन किलो तीनशे ग्रॅम. एवढं मोठं डोकं, वर वळलेलं तोंड. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून हे तिघे एकाच तळ्यात एकमेकांच्या ताटात हात न घालता वाढतात. हे मला काल कळलं. आपल्या गटापेक्षा ते तळं शहाणं आहे.

मग मासे येत राहिले. यजमान प्रत्येक माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवायचा. कोरड्या हातानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग माशाला रोग लागतो, म्हणाला. माझ्याकडून तीन रोहू सुटले, तिन्ही वेळा दोर ढिला सोडल्यामुळे. हातात काय आलं? दोन चिलापी. दोन्ही मिळून एकशेऐंशी ग्रॅम. चिलापी ही त्यानं सोडलेलीच नव्हती, ती कुठून तरी ओढ्याच्या पाण्यातून आली आणि तिनं तळ्यात बस्तान मांडलं. तो म्हणाला, “हे तर मी तुला फुकट देतो.”

साडेअकराला ताट वाजलं. ताणकाट्यावर वजनं झाली. नांदेडचे नऊ मासे, आठ किलो सहाशे पन्नास ग्रॅम. लातूरचे आठ मासे, नऊ किलो शंभर ग्रॅम. आता तुम्हाला आपली माणसं माहीत आहेत. नांदेड म्हणालं, मासे आमचे जास्त. लातूर म्हणालं, वजन आमचं जास्त. शिवाय नांदेडनं तक्रार केली की मोटारीजवळचा कोपरा लातूरला गेला, तिथं रोज खाद्य पडतं, त्यामुळे मासे तिथंच जमतात. हे खरं होतं. माळकरी पंचानं निकाल दिला, “चिठ्ठी तुमच्याच कर्णधारानं काढली. लातूर जिंकलं. आता मासे सोडा, ते ताटकळले.”

लातूर साडेचारशे ग्रॅमनं जिंकलं, याची नोंद या स्मरणिकेत व्हावी, अशी त्यांची लेखी मागणी आहे. झाली.

इथपर्यंत मौज. आता मी ज्यासाठी कागद खिशात ठेवला ते सांगतो.

मासे सोडून झाल्यावर सगळे पिठलं-भाकरीवर बसले आणि मी यजमानाबरोबर हापे सोडवत पाण्याजवळ थांबलो. मी त्याला विचारलं, तळं कधीपासून आहे. तो म्हणाला, हे दुसऱ्यांदा भरलेलं आहे. पहिल्यांदा केलं आणि २०१६ च्या उन्हाळ्यात आटलं. तो उन्हाळा आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं आणि १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. आपले लातूरचे मित्र तेव्हा रात्री घागरी घेऊन रांगेत उभे होते. त्याच दिवसांत इकडे याच्या तळ्यात गुडघाभर चिखल आणि त्यात तडफडणारे मासे. विहिरीला पाणी नाही. मिळेल त्या भावात, निम्मे फुकट, दोन दिवसांत मासे वाटून टाकले. मग दोन वर्षं दुसऱ्याच्या शेतात सालानं राबला आणि पुन्हा बोटुकली विकत आणून सोडली.

बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिलं. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात आपणहून वीत नाहीत, त्यांना वाहतं पुराचं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन हे मासे पहिल्यांदा विऊन घेतले, म्हणून आज तळ्यात सोडायला पिलं विकत मिळतात. तो दिवस देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. हे सगळं मला त्यानं सांगितलं. उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात जाऊन तो शिकून, विचारून आलेला आहे. तारीखवार सांगत होता. आणि मला आठवलं, इतिहासाच्या तासाला सनावळ्या सगळ्यांत आधी त्याच्याच पाठ असायच्या.

गुरुजन हो, तुम्हाला तो आठवतो का? भोई समाजाचा, वडील तलावावर जाळं टाकायचे. शेवटच्या बाकावर बसायचा. दहावीत तो नव्हता.

आठवीत असताना, पावसाळ्याच्या सुरुवातीला, एका शनिवारी सकाळची शाळा बुडवून आम्ही चार मुलं बाहत्तरच्या दुष्काळात झालेल्या एका पाझर तलावावर गेलो. उकिरड्याखालची गांडुळं, ज्वारीच्या धाटाचा तुकडा तरंगायला, आणि गळ त्याच्या घरचा. गळ कसा बांधायचा ते आम्हाला त्यानंच शिकवलं. तलाव ठेक्यानं दिलेला होता आणि विणीचे दिवस होते, गळ टाकायची मनाई होती. राखणदार आला. आम्ही तिघं पळालो. तो मात्र गळ गुंडाळायला थांबला, कारण तो वडिलांचा होता. सापडला.

सोमवारी त्याला सगळ्या शाळेपुढे उभं केलं. विचारलं, बरोबर कोण होतं? तो म्हणाला, “मी एकटाच होतो.” छड्या किती बसल्या ते मी मोजलं नाही. मी खाली बघत होतो. आम्ही तिघंही रांगेत होतो आणि तिघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्या हंगामात ठेकेदारानं त्याच्या वडिलांचं जाळं पाण्यात पडू दिलं नाही. नववीनंतर त्यानं शाळा सोडली. त्या एका दिवसामुळे सोडली असं मी म्हणणार नाही, घरची ओढाताण होतीच. पण तो दिवस त्यात नव्हता, असंही मला म्हणता येत नाही.

चाळीस वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. मुलांना मी खरं बोलायचं शिकवलं, हे वेगळं.

काल हापा सोडवताना मी त्याला म्हटलं, “तुला तो पाझर तलाव आठवतो का?” तो हसला. म्हणाला, “तुझी चप्पल आठवते.” मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. पळताना माझी एक चप्पल चिखलात अडकून राहिली होती. राखणदाराच्या नजरेला पडायच्या आत त्यानं ती पाय पुसल्यासारखं करून पाण्यात ढकलली. दुसऱ्या दिवशी रविवारी जाऊन काढली, धुतली, आणि सोमवारी प्रार्थनेच्या आधी माझ्या बाकाखाली ठेवली.

चप्पल मला मिळाली होती, हे खरं आहे. एकच चप्पल घालून घरी गेलो म्हणून आईचा मार खाल्ला होता. बाकाखाली दुसरी दिसली तेव्हा मला वाटलं, कुणा पोराला सापडली असेल. मी एकदाही विचार केला नाही की ती तलावातून वर्गात आली कशी.

मी त्याला म्हटलं, “माझं चुकलं रे.” तो म्हणाला, “लहान होतो आपण. सोड की.” आणि हाप्याची गाठ सोडायला लागला.

त्यानं सोडलं. त्याचा तो अधिकार आहे. पण मी आपणहून सोडून देणं बरोबर नाही, म्हणून हे तुमच्यापुढे बोलतो आहे. जिथं तो एकटा उभा राहिला होता, ती शाळा आज या सभागृहात बसलेली आहे. गुरुजन हो, त्या शनिवारी तलावावर आम्ही चौघे होतो. त्यातला एक मी. बाकी दोघांची नावं मी सांगणार नाही. त्यांची इच्छा असेल तर ते सांगतील.

आणि संयोजकांना एक विनंती आहे. निमंत्रणं पाठवताना आपण दहावीच्या हजेरीपटावरून यादी केली. त्यामुळे नववीत, आठवीत ज्यांनी शाळा सोडली त्यांना बोलावणंच गेलं नाही. आपला कालचा यजमान गटात आला तो एका मित्रानं मासे विकत घेताना त्याचा नंबर घेतला म्हणून. आजही तो इथं आहे, पण नोंदणीच्या टेबलावर त्याच्या नावाचा बिल्ला नव्हता. त्यानं कुणाला सांगितलं नाही, मी पाहिलं. पाचवीपासूनचे हजेरीपट शाळेत आहेत. स्मरणिकेतली यादी त्यावरून पुन्हा करावी. शेतात राबायला गेलेले, लग्न लावून दिलेल्या मुली, दुष्काळात गाव सोडून गेलेले, सगळे आपल्याच तुकडीचे आहेत. हजेरीपट शोधायचं आणि गावोगावी फोन करायचं काम मी घेतो.

त्याचं नाव मी या भाषणात घेतलं नाही, कारण त्यानंच बजावलं आहे, “भाषणात नाव घेऊ नको, उद्यापासून सगळे माशाला सूट मागतील.” यादीत घातलं तर चालेल का, असं मी विचारलं. थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “यादीत घाल.”

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर दुसऱ्या शनिवारी तळ्यावर परतीचा सामना आहे. नांदेडला साडेचारशे ग्रॅम फेडायचे आहेत. यजमानानं या वेळी गळ हातात घेतला नाही, नुसती वजनं केली. पुढच्या वेळी तो कुणाकडून खेळणार यावर गटात भांडण सुरू झालेलं आहे. तो म्हणतो, तो कंधारकडून एकटाच खेळणार आणि दोघांनाही हरवणार. मला त्याबद्दल जराही शंका नाही. मात्र मोटारीजवळचा कोपरा त्याला द्यायचा नाही, एवढं नांदेड आणि लातूर यांचं पहिल्यांदाच एकमत झालेलं आहे.